आडात नाही तर पोहऱ्यात कुठून?



मृगाच्या तोंडावर आपण सगळे एक काम न चुकता करतो. घरचे सोयाबीन पेरायचे असेल तर पोत्यातून मूठभर दाणे काढतो, त्यातले शंभर मोजतो, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि आठवडाभराने उघडून पाहतो. सत्तर किंवा त्यावर दाणे उगवले तर बियाणे खरे. थोडे कमी उगवले तर एकरी बियाणे वाढवायचे. फारच कमी उगवले तर ते पोते बाजार दाखवायचे, पण रानात न्यायचे नाही. एका पोत्यासाठी एवढी खटपट करतो, कारण जमिनीत गेलेला दाणा परत काढता येत नाही हे आपल्याला पक्के ठाऊक आहे.

त्याच जून-जुलैत आपण दुसरीही एक पेरणी करतो. दहावी झालेले पोरगे आयटीआयला घालतो, नाहीतर तालुक्याच्या गावी निघालेल्या एखाद्या कौशल्य केंद्रात त्याचे नाव नोंदवतो. तिथे चौकशी काय करतो? फी किती, एसटीचा पास मिळतो का, खोलीभाडे किती, सर्टिफिकेट सरकारी आहे का, पुढे नोकरी लागते का. सगळे विचारतो. एकच विचारत नाही. शिकवणार कोण? त्याला ते काम येते का? आणि येत असेल, तर ते दुसऱ्याला शिकवता येते का?

शंभर दाण्यांची चाचणी घेणारा शेतकरी पोराच्या दोन वर्षांची चाचणी घेत नाही. आज त्याविषयी थोडे बोलू.

'आम्ही पाहिली'

आमच्या गावातल्या एका भावाच्या पोराची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, अशी पोरे तुमच्याही गावात आहेत. हे पोरगे पंप आणि मोटारदुरुस्तीचा कोर्स करून आले. बापाने सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावले. हरभऱ्याला पाणी द्यायच्या ऐन वेळी माझी पाणबुडी मोटार बंद पडली. घरचाच मेकॅनिक आहे म्हणून मी त्याला हाक मारली. पोरगे लगेच आले. पान्हे घेऊन आले, मोटार वर ओढायला सगळ्यांच्या बरोबरीने राबले. पण मोटार काठावर आली आणि त्याचा चेहरा पडला. वायंडिंग जळाले, बेअरिंग गेले की केबलच्या जोडात पाणी शिरले, हे ओळखायचे कसे तेच त्याला कळेना. मीटर हातात होता, पण त्याची टोके कुठे लावायची ते ठाऊक नव्हते.

मी विचारले, 'अरे, कोर्सात मोटार किती वेळा खोलली?'

तो म्हणाला, 'काका, सरांनी एकदा खोलून दाखवली. आम्ही पाहिली.'

'आम्ही पाहिली' या दोन शब्दांत सगळे आले. बैलगाडी हाकलेली पाहून कुणाला गाडी हाकता येत नाही. विहिरीच्या काठावर बसून कुणी पोहायला शिकत नाही. पण सरकारच्या दप्तरी हे पोरगे 'कुशल' म्हणून नोंदले गेले आणि कुणाच्या तरी उद्दिष्टात एक आकडा वाढला.

माझी मोटार शेवटी दुसऱ्या गावच्या मिस्त्रीने दुरुस्त केली. हरभऱ्याचे एक पाणी लांबले. ते नुकसान मी सोसले. त्या पोराचे जे वर्ष गेले, ते कुणी सोसायचे?

मास्तरचीही बाजू ऐका

पोराला दोष देणे सोपे होते. मास्तरला दोष देणे त्याहून सोपे. म्हणून मी ज्या केंद्रात तो शिकला तिथे जाऊन एक दिवस बसलो. एका टेबलावर एक मोटार, भोवती वीसेक पोरे. पुढच्या पाच-सहांना दिसत होते, मागचे एकमेकांच्या खांद्यावरून पाहत होते. मास्तरचा हात असा सराईत, की बघत राहावे. नट सुटला, झाकण निघाले, रोटर बाहेर आला, पुन्हा आत गेला. पाच-सात मिनिटांत खेळ संपला. मग मास्तरने विचारले, 'समजलं का?' सगळ्यांनी एका सुरात सांगितले, 'हो सर.' त्यानंतर जेवणाच्या सुट्टीपर्यंत वहीत उतरवून घेणे चालले.

दुपारी चहाच्या टपरीवर त्या मास्तरशी बोललो. माणूस प्रामाणिक होता. त्याने मला सांगितले ते त्याच्याच बोलीत देतो. 'काका, काम मले येते. पंधरा वर्षं मी वर्कशॉपात घासली. पण शिकवाचं कसं, हे मले कोनीच शिकवलं नाही. मी स्वतः उस्तादाच्या शिव्या खाऊन शिकलो. पाच-सहा वर्षं लागली. तेच आता या पोरायले काही महिन्यांत द्याचं हाय. कसं देऊ?' पुढे तो म्हणाला की तो तासावर आहे. जितके तास भरले तितके पैसे, सुट्टी लागली की पैसे बंद, पुढच्या वर्षी बोलावतील की नाही याचा भरवसा नाही. नवीन यंत्र शिकायला स्वतःच्या खर्चाने जायचे, तर त्या दिवसांची मजुरी बुडते.

आता सांगा, यात मास्तर चोर की पोरगे ढ? माझे उत्तर असे की दोघेही नाडलेले आहेत. मास्तरच्या हातात विद्या आहे, पण ती दुसऱ्याच्या हातात उतरवण्याची विद्या वेगळी असते. ती त्याला कुणी दिली नाही, आणि ती द्यावी लागते हे कुणाच्या डोक्यातही नाही.

चाड्यावरची मूठ

काम येणे आणि काम शिकवता येणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे शेतकऱ्याला पुस्तकातून समजावण्याची गरज नाही. आपल्या घरची आजी तिफणीमागे चालताना चाड्यावर मूठ धरायची. तिफणीच्या चालीबरोबर बी असे सुटायचे, की तासात ना दाटी ना खांडणी. तिला विचारा, 'आजी, मूठ किती सैल सोडायची?' ती म्हणायची, 'हाताले कळते बापा.' खरेच आहे, हाताला कळते. पण हाताला कळलेले तोंडाने सांगता येत नाही. ज्याला काम अंगवळणी पडले, तो त्यातले बारकावे स्वतःच विसरलेला असतो. नव्या माणसाचा हात नेमका कुठे अडतो, हे त्याच्या ध्यानात येत नाही. म्हणून पुष्कळदा उत्तम कारागीर हा कच्चा मास्तर निघतो.

यावर उपाय नाही असे नाही. उपाय जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांतले जुने कामगार फौजेत गेले आणि त्यांच्या जागी शेतावरची पोरे, घरातल्या बाया आल्या. त्यांना वर्षानुवर्षे उमेदवारी करायला लावणे परवडणारे नव्हते. तेव्हा १९४० ते १९४५ या काळात तिथल्या सरकारने मुकादम आणि जुन्या कारागिरांना शिकवायचे कसे ते शिकवले. अवघ्या दहा तासांचा कोर्स होता, दोन-दोन तासांच्या पाच बैठका. दहा लाखांवर माणसांनी तो घेतला. युद्धानंतर जपानने तोच धडा आपल्या कारखान्यांत गिरवला.

त्या कोर्सात काय होते? चार पायऱ्या. पहिली, शिकणाऱ्याला तयार करणे. त्याला आधी काय येते ते विचारायचे, त्याची भीती काढायची, सगळे दिसेल अशा जागी त्याला उभे करायचे. दुसरी, काम तुकड्या-तुकड्यांत करून दाखवायचे, आणि प्रत्येक तुकड्यात जिथे चूक होते ती मेख बोलून दाखवायची. तिसरी, शिकणाऱ्याच्या हातून करवून घ्यायचे, आणि करता करता तो काय करतो आहे ते त्याच्याच तोंडून वदवायचे. चौथी, त्याला एकट्याला कामाला लावून मागून लक्ष ठेवायचे, हळूहळू मोकळे सोडायचे. शिकणाऱ्याला आले नाही तर शिकवणाऱ्याने शिकवलेच नाही, असा त्या पद्धतीचा दंडक होता.

मी पाहिलेल्या वर्गात यातली दुसरी पायरी अर्धी झाली. उरलेल्या साडेतीन पायऱ्या झाल्याच नाहीत. ओरडून विचारलेले 'समजलं का' आणि त्यावरचे 'हो सर' ही काही पाचवी पायरी नव्हे.

कागदावर सगळे आहे

सरकारला हे माहीत नाही असे समजू नका. आयटीआयची कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली. १९५६ साली राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद झाली. निदेशकांना घडवण्यासाठी केंद्राची वेगळी योजना आहे. एक वर्षाचा कोर्स, त्यात आपला व्यवसाय पक्का करायचा आणि शिकवण्याची पद्धतही शिकायची. त्यासाठी केंद्राच्या संस्था आहेत, मुंबईतही एक आहे. म्हणजे मास्तरलाही शिकवावे लागते हे दिल्लीने पाऊणशे वर्षांपूर्वीच्या पिढीतच ओळखले होते.

मग अडले कुठे? अडले ते भरतीत आणि खर्चात. निवृत्त झालेल्या निदेशकाची जागा वेळेवर भरायची नाही, तासिका तत्त्वावर कुणीतरी बोलवायचे, आणि त्याला वर्षभर शिकायला पाठवायचे तर तो पक्का नोकरच नाही असे म्हणायचे. जो पक्का आहे त्याने एकदा कोर्स केला की निवृत्तीपर्यंत तेवढ्यावर निभावायचे. खुरपे झिजले की आपण धार लावतो. मास्तरला धार लावायची सोय नाही.

तोवर बाहेर यंत्रे कुठल्या कुठे गेली. पन्नास हॉर्सपॉवरच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले, तेव्हा इंजिनात इलेक्ट्रॉनिक्स शिरले. निव्वळ कान लावून बिघाड ओळखणारा मिस्त्री तिथे थांबतो. २०१९ च्या कुसुम योजनेतून आणि राज्याच्या २०२४ च्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतून आपल्या रानात सौर पंप आले. पहिली पाच वर्षे दुरुस्ती कंपनीकडे. सहाव्या वर्षी कंट्रोलर बिघडला तर कोण दुरुस्त करणार? वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा या सहा तालुक्यांत तेव्हा जे पोरगे लागणार आहे, ते आज शिकत असायला हवे. आणि त्याला शिकवणारा मास्तर कालच तयार झालेला असायला हवा होता. ज्या मास्तरने सौर पंपाचा कंट्रोलर कधी उघडून पाहिला नाही, तो पोरांना काय दाखवणार? पंपाचे चित्र?

कुणी म्हणेल, कौशल्यावर सरकार एवढा खर्च करते आहे, तुम्ही उगाच कुरकुरता. खर्च होतो हे खरे. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी महाराष्ट्रात एका दिवसात ५११ ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचे उद्घाटन झाले. आपला वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला आणि २०१८ साली देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. त्या यादीतल्या जिल्ह्यांची कौशल्याच्या खात्यातही मोजणी होते. किती तरुणांना सर्टिफिकेट मिळाले, किती कामाला लागले, किती उमेदवारी करून बाहेर पडले, हे मोजतात. शिकवणारा किती शिकला, याचा रकाना मात्र मला त्यात दिसला नाही. जे मोजत नाहीत ते सुधारत नाहीत, हा बाजार समितीच्या काट्यापासूनचा आपला अनुभव आहे.

मे २०२५ मध्ये केंद्राच्या मंत्रिमंडळाने आयटीआय सुधारण्यासाठी पाच वर्षांची ६०,००० कोटींची योजना मंजूर केली. एक हजार सरकारी आयटीआय सुधारायच्या आहेत. या योजनेत मात्र मास्तरांची आठवण ठेवली आहे, ते कबूल केले पाहिजे. पाच राष्ट्रीय संस्थांची क्षमता वाढवून ५०,००० प्रशिक्षकांना शिकवायचे ठरले आहे. पण त्या पाच संस्था कुठल्या? भुवनेश्वर, चेन्नई, हैदराबाद, कानपूर आणि लुधियाना. महाराष्ट्रातली एकही नाही. हैदराबादकडे जायला वाशिमहून रेल्वे आहे, ती अडचण नाही. अडचण ही आहे की मानोऱ्याच्या तासावरच्या मास्तरचे तिकीट कोण काढणार, आणि तो गेल्यावर त्याच्या घरची चूल कशी पेटणार? याचे उत्तर मिळेपर्यंत त्या ५०,००० मध्ये आपल्या जिल्ह्याचे किती, हे विचारत राहावे लागेल.

ज्यांनी केले त्यांचे पाहा

जर्मनीच्या कारखान्यांची आपण नेहमी वाहवा करतो. तिथे १९६९ साली उमेदवारीचा कायदा झाला आणि १९७२ पासून नियम आला, की ज्याला उमेदवार शिकवायचे आहेत त्याने शिकवता येते अशी परीक्षा दिली पाहिजे. तुम्ही कितीही नामांकित कारागीर असा. पुढे २००३ साली तिथल्या सरकारला वाटले की या अटीमुळे मालक उमेदवार घेत नाहीत, म्हणून अट बाजूला ठेवली. सहा वर्षांचा अनुभव घेतला आणि १ ऑगस्ट २००९ पासून तीच अट पुन्हा लागू केली. मास्तर कच्चा ठेवून स्वस्तात काम भागत नाही, हे त्यांना पैसे मोजून कळले.

जर्मनी दूर वाटत असेल तर पुणे जिल्ह्यातले पाबळ घ्या. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम काढला. शाळेतल्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हातकाम करायचे. वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती, जनावरे, स्वयंपाक, आरोग्य. शिकवायला आणले ते गावातलेच काम करणारे तरुण. पण त्यांना 'जा, शिकवा' म्हणून सोडून दिले नाही. आधी आश्रमात तयार केले, मग शाळेत पाठवले. आणि मुलांनी केलेले काम गावाच्या उपयोगी पडेल असे ठेवले. शाळेचे फाटक शाळेच्याच पोरांनी जोडायचे. जोड सुटला तर मास्तरची आणि पोरांची परीक्षा एकाच वेळी होते.

आपल्या कृषी विभागाची शेतीशाळा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. तिचे मूळ इंडोनेशियातले. १९८९ साली भातावरच्या तुडतुड्यांनी तिथले शेतकरी हैराण झाले असताना ती पद्धत निघाली. ज्याला शेतीशाळा चालवायची आहे त्याने आधी एक अख्खा हंगाम स्वतः चिखलात उतरून पीक घ्यायचे, कीड मोजायची, आणि सोबत शेतकऱ्यांशी बोलायचे कसे ते शिकायचे, अशी तिथली अट होती. आपल्याकडे शाळा आली, पण ती अट वाटेत कुठेतरी गळाली. म्हणून कित्येक ठिकाणी शेतीशाळा म्हणजे सही, फोटो आणि चहा असे झाले आहे. जिथे चालवणारा स्वतः हंगाम जगलेला असतो, तिथे शेतकरी बोलावल्याशिवाय येतात.

आणि विदर्भाला हे बाहेरच्यांनी सांगावे का? ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार देशापुढे ठेवला. नयी तालीम ती हीच. पुढे ती का ओसरली याची अनेक कारणे सांगतात. मला त्यात एक मोठे दिसते. चरखा गावोगाव पोचला, पण तो चरखा आणि गणित एकाच हाताने शिकवील असा मास्तर गावोगाव पोचला नाही.

हे आपले काम आहे का?

काही कार्यकर्ते म्हणतील, भावाचा प्रश्न सोडून हे मास्तरांचे काय काढले? मास्तरांच्या संघटना त्यांचे बघतील.

भावाचा प्रश्न सोडलेला नाही. पण शेतीवर दोन भाऊ पोसले जात नाहीत, हे आपणच गेली कित्येक वर्षे मांडत आलो. मग दुसऱ्या भावाने बाहेर पडायचे, तर तो हातात काहीतरी घेऊन पडला पाहिजे. कोरे सर्टिफिकेट घेऊन तो पुण्याला गेला तर तिथे बारा तास हमाली करतो आणि दिवाळीला रिकाम्या हाताने येतो. आणि जो भाऊ शेतीवर राहिला, त्याला पंप, ट्रॅक्टर, ठिबक, पेरणी यंत्र दुरुस्त करणारा जवळ हवा. सोयाबीन काढणीला पंजाबचे हार्वेस्टर आणि पंजाबचेच ड्रायव्हर आपल्या रानात येतात. त्यांच्याविषयी तक्रार नाही, कष्टाची माणसे आहेत. पण ते यंत्र चालवण्याची मजुरी आपल्या पोराला का मिळू नये, हा प्रश्न शेतकऱ्याचाच आहे.

दुसरी शंका याहून रास्त आहे. मास्तरांना कोर्सची सक्ती केली तर कोर्सची दुकाने निघतील. डीएड-बीएडचे काय झाले ते आपण पाहिले. पैसे मोजा, हजेरी मांडा, कागद घ्या. ही भीती मलाही आहे. म्हणून माझा आग्रह कागदाचा नाही. मास्तरला शिकवता येते का याची परीक्षा वर्गात, पोरांच्या हातावर व्हावी. महिनाभर शिकवलेल्या पोराने बंद मोटार सगळ्यांसमोर खोलून, बिघाड ओळखून, जोडून दाखवली की मास्तर पास. हा काटा कुणाला मारता येत नाही.

मागायचे काय आणि करायचे काय

जिल्हा बैठकीपुढे मी पुढच्या गोष्टी ठेवतो. त्यावर चर्चा व्हावी, काही चुकत असेल तर दुरुस्त करावे.

१. आयटीआयमधल्या निदेशकांच्या रिकाम्या जागा वेळेवर भराव्यात. तासावरच्या मास्तरला निदान सलग वर्षभराची हमी मिळावी. ज्याचे उद्याचे ठरलेले नाही तो पोरांचे उद्या काय घडवणार?

२. प्रत्येक मास्तरला, मग तो पक्का असो, तासावरचा असो की खाजगी केंद्रातला, वर्ग हाती देण्याआधी शिकवण्याची पद्धत शिकवावी. दहा तासांत चार पायऱ्या शिकवता येतात हे जगाने पाहिले आहे. यासाठी साठ हजार कोटी लागत नाहीत.

३. दर दोन वर्षांनी मास्तरला पंधरा दिवस पगारी कामावर पाठवावे. ट्रॅक्टरच्या वर्कशॉपात, सौर पंपाच्या कंपनीत. शेतीचे विषय शिकवणाऱ्याला करड्याच्या कृषी विज्ञान केंद्रात आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठात. मध्य प्रदेशात बुदनीला १९५५ पासून केंद्राची ट्रॅक्टर आणि शेतीयंत्रे शिकवणारी संस्था आहे, तिथेही आपल्या जिल्ह्यातले मास्तर जावेत.

४. गावोगावच्या नाणावलेल्या मिस्त्रींना महिन्यातून दोन दिवस मानधन देऊन वर्गावर बोलवावे. मास्तरने त्यांच्याकडून हात शिकावा, मिस्त्रीने मास्तरकडून सांगण्याची रीत शिकावी.

५. संस्थांच्या व्यवस्थापन समितीवर कारखानदार असतात, तसे शेतकऱ्यांचे प्रतिनिधी असावेत. पोरे आमची, यंत्रे आमच्या रानातली, तर विचारणा करायला आम्ही का नको?

या झाल्या मागण्या. पण मागण्यांचे निवेदन देऊन फोटो काढून घरी बसायचे नाही. आपल्या हातात आहे ते आपण आजच करू शकतो. प्रत्येक तालुक्यातल्या दोन कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा वापरून आपल्या तालुक्यातल्या आयटीआयला आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रत्येक केंद्राला चार गोष्टी विचाराव्यात. शिकवणारे किती आणि जागा रिकाम्या किती? त्यांतले शिकवण्याचे प्रशिक्षण घेतलेले किती? शेवटचे प्रशिक्षण कोणत्या साली घेतले? एका पोराच्या वाट्याला यंत्र हाताळायला आठवड्यात किती तास येतात? सहा तालुक्यांची उत्तरे पुढच्या बैठकीत एकत्र मांडू आणि ती घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ. आकडे हातात असले की साहेबांना टाळता येत नाही.

आणि बापांनी, त्याहून अधिक मायांनी, एक करावे. पोराचे नाव घालण्याआधी एक दिवस त्या वर्गात जाऊन बसावे. बसू देत नसतील तर तिथेच ओळखावे. बसू दिले तर फळ्याकडे पाहू नये, पोरांच्या हातांकडे पाहावे. हातांना तेल-ग्रीस लागलेले दिसले तर नाव घालावे. हातात नुसते पेन दिसले तर उठून यावे.

मास्तरांनाही दोन शब्द. हा लेख तुमच्याविरुद्ध नाही. तुमच्या हातातली विद्या ही आमच्या पोरांची एकमेव शिदोरी आहे. तुम्हाला तासावर ठेवणारे आणि आमच्या मालाला काट्यावर मारणारे एकाच चालीचे आहेत. तुम्हाला शिकायला मिळावे म्हणून आम्ही भांडतो. तुम्ही एवढेच करा, की 'समजलं का' असे विचारणे सोडा आणि 'करून दाखव' म्हणा.

सोयाबीन उगवले नाही तर आपण कर्ज काढून दुबार पेरणी करतो. पोराच्या सतराव्या वर्षाची दुबार पेरणी होत नाही. म्हणून बियाण्याची चाचणी घेताना या जूनमध्ये मास्तरचीही घ्या, आणि काय दिसले ते पुढच्या बैठकीत येऊन सांगा.